खिशात मावणारे दोन कॅमेरे: रोजच्या फोटोंसाठी कोणता घ्यायचा, ते कसं तपासायचं

दुकानाच्या काउंटरवर दोन डबे शेजारी ठेवले की नजर आधी मेगापिक्सेलवर जाते. कॅनन पॉवरशॉट जी७ एक्स मार्क ३ वर २०.१ लिहिलेलं असतं, रिको जीआर ३ वर २४. एवढ्या फरकानं घरातल्या कुठल्याच फोटोत काही बदलत नाही. दोन्ही कॅमेरे २०१९ साली आले, दोन्ही शर्टाच्या नाही तरी पँटच्या खिशात बसतात, आणि बॅटरी-कार्ड धरून वजनही जवळपास सारखंच: कॅनन ३०४ ग्रॅम, रिको २५७ ग्रॅम. खरा फरक आहे तो एवढाच की ज्याचा फोटो काढायचा ते तुमच्यापासून किती लांब असतं. हे अंतर आधी मोजलं तर निम्मी निवड तिथंच होते.

मोजायचं कसं? फोनमधले शेवटचे २०० फोटो घ्या. स्क्रीनशॉट आणि व्हॉट्सॲपवर आलेले वगळा. उरलेल्यांचे तीन ढीग मनात करा: ३ मीटरच्या आतले (जेवणाचं ताट, मुलं, अंगणातली तुळस, दुकानात बसलेला मित्र), ३ ते १० मीटरचे, आणि त्याहून लांबचे. ज्या फोटोत बोटांनी झूम केलं होतं तो फोटो अंतर काहीही असो, तिसऱ्या ढिगात टाका. मिमीचा आकडा जितका लहान तितकं दृश्य रुंद: रिकोची लेन्स झूम न होणारी, २८ मिमीची, तर कॅननची २४ ते १०० मिमीची झूम. फोनची मुख्य लेन्स साधारण २४ ते २६ मिमीची असते, म्हणजे रिकोच्या २८ मिमीला ती जवळची. तुम्ही फोनवर झूम न करता समाधानी असाल तर रिकोवरही राहाल.

आता हे अंतर चौकटीत कसं दिसतं ते पाहा. २८ मिमीच्या लेन्सला ३ मीटरवर सुमारे ३.९ मीटर रुंदीचं दृश्य दिसतं, म्हणजे एका खोलीत बसलेलं अख्खं कुटुंब. हीच लेन्स २० मीटरवर २५.७ मीटर रुंदी घेते. बेळगावच्या शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत तुम्ही फुटपाथवर आहात आणि रथ २० मीटरवर आहे असं धरा: रथ चौकटीत मधोमध इवलासा, बाकी सगळी माणसांची डोकी आणि विजेचे खांब. कॅनन १०० मिमीपर्यंत जातो. तिथं २० मीटरवर ७.२ मीटरच रुंदी येते, रथ चौकट भरून टाकतो. रिकोमध्ये ३५ आणि ५० मिमीची क्रॉप सोय आहे, पण ती चित्र कापूनच मिळते: ३५ वर १५ मेगापिक्सेल उरतात, ५० वर ७. सात मेगापिक्सेलचा ८ × १० इंची फोटो अजून नीट छापता येतो. मात्र १०० मिमीइतकं कापलं तर दोन मेगापिक्सेलही उरत नाहीत.

तिसरा ढीग एक चतुर्थांशाहून मोठा निघाला तर पुढची कसोटी करायचीही फारशी गरज नाही, कॅनन घ्या. पहिला ढीग मोठा असेल तर मात्र घाई करू नका.

सेन्सर आणि लेन्स, दोन्ही एकत्र मोजा

कॅननचा सेन्सर (प्रकाश टिपणारी चिप) ‘एक इंची’ म्हणतात, प्रत्यक्षात तो १३.२ × ८.८ मिमी असतो. रिकोचा एपीएस-सी, २३.५ × १५.६ मिमी. क्षेत्रफळात रिको तिपटीहून थोडा मोठा. एवढं ऐकून ‘रात्रीच्या फोटोत रिको तिप्पट चांगला’ असं दुकानदारही सांगून टाकतात, आणि इथंच फसगत होते. कारण रिकोची लेन्स एफ २.८ आहे (एफचा आकडा लहान तितका प्रकाश जास्त), तर कॅननची २४ मिमीवर एफ १.८. झूम २८ मिमीवर आणला तरी ती एफ २ च्या आसपास राहते. म्हणजे कॅननची लेन्स एक स्टॉप जास्त, म्हणजे दुप्पट, प्रकाश आत घेते. सेन्सरचा फायदा सुमारे १.६ स्टॉप, त्यातून लेन्सचा एक स्टॉप गेला, हातात उरला जेमतेम दोन तृतीयांश स्टॉप. हा फरक दिसतो, पण शोधावा लागतो. फक्त रात्रीसाठी म्हणून रिको घेणाऱ्याची निराशा होते. रिकोचं खरं बळ दिवसाउजेडी दिसतं: बारीक तपशील, आणि सावली उजळवली तरी न फाटणारी फाइल.

कसोटीची तयारी

दोन्ही कॅमेरे एकाच दिवशी, दोन तासांसाठी का होईना, हातात हवेत. बेळगाव, निपाणी, चिकोडीकडचे लोक कोल्हापूर किंवा हुबळीला खरेदीला जातात. दुकानात जाताना स्वतःची दोन एसडी कार्डं न्या आणि ती ज्या त्या कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा. एकच कार्ड अदलाबदल करून वापरलं की संध्याकाळी कुठला फोटो कुणाचा हे कळत नाही. प्रत्येक कसोटीच्या आधी कागदावर कॅमेऱ्याचं नाव आणि एफ आकडा लिहून त्याचा एक फोटो काढा. दोन्हीकडं रॉ (कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) अधिक जेपेग ठेवा. कॅननची रॉ फाइल सीआर३ असते, रिकोची डीएनजी. जुनं सॉफ्टवेअर सीआर३ उघडत नाही, हे आधीच तपासा.

चित्राची शैली दोन्हीकडं स्टँडर्ड ठेवा. कॅननच्या लेन्सभोवतीच्या कड्याला स्टेप झूम (ठरावीक मिमीवर थांबत जाणारा झूम) नेमून २८ मिमीवर थांबवा, नाहीतर एक कॅमेरा २४ वर आणि दुसरा २८ वर अशी तुलना होऊन बसते.

भिंत आणि पाटी

पहिली कसोटी उन्हात, जांभ्याच्या चिऱ्याच्या भिंतीसमोर. खानापूर भागात अशी भिंत शोधावी लागत नाही. चिऱ्याचा खडबडीतपणा आणि सांध्यांच्या सरळ रेषा, दोन्ही एकदम तपासता येतात. भिंतीपासून ३ मीटरवर उभे राहा, कॅमेरा कठड्यावर किंवा स्टुलावर टेकवा, २ सेकंदांचा सेल्फ टायमर लावा, एफ ४ आणि कमीत कमी आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ठेवा: रिकोला १००, कॅननला १२५. कॅननला एफ ८ वर नेऊ नका. लहान सेन्सरला साधारण एफ ५.६ पासून विवर्तनामुळं (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यानं) चित्र मऊ व्हायला लागतं, आणि दोष लेन्सचा नसताना लेन्सच्या माथी बसतो. रिको एफ ८ पर्यंत चालतो.

फोटो संगणकावर पूर्ण आकारात उघडून चारही कोपरे पाहा. चारही सारखेच थोडे मऊ असतील तर तो लेन्सचा स्वभाव. एकच बाजू मऊ असेल तर दोन शक्यता आहेत: तुम्ही भिंतीला तिरके उभे होतात, किंवा लेन्सचा एखादा भाग जागेवरून सरकलेला आहे. ओळखायची युक्ती सोपी आहे. कॅमेरा उलटा धरून तोच फोटो पुन्हा काढा. मऊपणा भिंतीच्या त्याच बाजूला राहिला तर चूक उभं राहण्याची. तो कॅमेऱ्याबरोबर दुसऱ्या बाजूला गेला तर तो नग घेऊ नका, दुसरा मागा. झूमच्या कॅमेऱ्यात ही तपासणी २४, ५० आणि १०० अशा तिन्ही ठिकाणी करा, कारण एका ठिकाणी ठीक असलेली लेन्स दुसरीकडं ठीक असेलच असं नाही.

आपल्याकडच्या दुकानांच्या पाट्या यासाठी उत्तम तक्ता आहेत. एकाच पाटीवर वर कन्नड, खाली मराठी, खालच्या कोपऱ्यात बारीक फोन नंबर. खडेबाजारात समोरच्या फुटपाथवरून एक पाटी चौकटीच्या मध्यभागी आणि मग कोपऱ्यात घेऊन फोटो काढा. कन्नड अक्षरांची गोल वळणं आणि देवनागरीतले अनुस्वार कोपऱ्यातही सुटे दिसले तर लेन्स चांगली. पांढऱ्या अक्षरांच्या कडेला जांभळी किंवा हिरवी रेघ दिसली तर तीही नोंदवा.

मागाच्या खोलीत

घरातल्या प्रकाशाची खरी परीक्षा घ्यायची तर वडगाव, खासबाग, शहापूर भागातल्या एखाद्या ओळखीच्या विणकराच्या मागाच्या खोलीत, परवानगी घेऊन. एका बाजूनं दारातून दिवसाचा उजेड, वर ट्यूबलाइट, खाली सावली, आणि मधे रंगीत साडी. यंत्रमाग चालू असेल तर गळ्यात लोंबता पट्टा घालून जवळ जाऊ नका. मनगटाचा पट्टा आवळून घ्या. ट्रायपॉड नेऊ नका: यंत्रमागानं फरशीच थरथरत असते, तीच थरथर पायांतून कॅमेऱ्यात येते. हातात धरलेला कॅमेरा इथं जास्त स्थिर राहतो.

मॅन्युअल मोडवर शटर १/१०० ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे जुनी चोकवाली ट्यूब सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होते. १/१०० किंवा १/५० वर प्रत्येक फोटोला पूर्ण लाटा मिळतात. १/५०० वर गेलात की एक फोटो पिवळसर-काळपट, पुढचा उजळ, असं होतं. इलेक्ट्रॉनिक शटर लागलं तर चित्रात आडवे पट्टेच येतात, म्हणून कॅननमध्ये शटर मोड मेकॅनिकल ठेवा. एलईडीच्या स्वस्त पट्ट्यांनाही हेच लागू.

आता कॅनन २८ मिमीवर एफ २, आयएसओ १६०० आणि रिको एफ २.८, आयएसओ ३२००. उजेड दोन्हीकडं सारखा येतो, आणि हीच खरी तुलना. दोघांनाही आयएसओ ३२०० देऊन तुलना केली तर कॅननवर अन्याय होतो. साडीच्या काठातले धागे सुटे दिसतात का, सावलीतल्या निळ्या-जांभळ्या रंगात ठिपके येतात का, विणकराच्या चेहऱ्याची कातडी मेणासारखी गुळगुळीत झालीय का, एवढंच पाहा. शेवटचा दोष सेन्सरचा नसतो, जेपेगमधल्या नॉइज रिडक्शनचा (ठिपके पुसणाऱ्या प्रक्रियेचा) असतो. ते एक पायरी कमी करून पुन्हा काढा.

चालत्या हातांसाठी १/२५० लागतं. कॅमेऱ्यातलं स्टॅबिलायझेशन तुमचा हात सांभाळतं, समोरच्याचा नाही. दोन्ही कंपन्या साधारण ४ स्टॉपचा दावा करतात. तो तुमच्या हाताशी जुळतो का हे बघायला कुठलाही आधार न घेता १/१५ वर प्रत्येकी १० फोटो काढा आणि तीक्ष्ण किती आले ते मोजा. सातपेक्षा कमी आले तर कोपर बरगडीला टेकवून पुन्हा मोजा. कॅमेरा बदलण्याआधी धरण्याची पद्धत बदलून पाहावी.

फोकस

कॅननचा ऑटोफोकस निव्वळ कॉन्ट्रास्टवर, म्हणजे उजेड-अंधाराच्या फरकावर चालतो. कमी उजेडात, सपाट रंगाच्या पातळावर किंवा भिंतीवर तो पुढं-मागं करत शोधत राहतो. त्याला चेहरा किंवा एखादी ठळक कड दाखवा. रिकोचा फोकस ही आणि फेज डिटेक्शन अशा दोन्ही पद्धती वापरतो, तरी संध्याकाळनंतर तोही मंदावतो. पण रिकोकडं स्नॅप फोकस (आधी ठरवलेल्या अंतरावर थेट फोकस) आहे, आणि आठवडी बाजारासाठी यासारखी सोय नाही. स्नॅप अंतर २.५ मीटर, एफ ८, ऑटो आयएसओची वरची मर्यादा ३२००, किमान शटर १/२५०. या जुळणीत साधारण सव्वा मीटरपासून अनंतापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. बटण एका दमात खाली दाबा, फोकसची वाट पाहायची गरज नाही. भाजीवाल्या मावशी हसताहेत तो क्षण हाती लागतो. बटण अर्धवट दाबून थांबलात तर मात्र नेहमीचा ऑटोफोकस सुरू होतो आणि सगळा फायदा जातो.

दोन्ही कॅमेऱ्यांना व्ह्यूफाइंडर नाही. दुपारच्या उन्हात पडदा दिसत नाही, ही तक्रार दोघांबद्दलही राहणार. रिकोचा पडदा घट्ट बसवलेला, कॅननचा वर १८० अंश आणि खाली ४५ अंश वळतो. बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्ती या जैन मंदिराच्या छतावरचं दगडी कमळ टिपायचं असेल तर हा फरक लगेच कळतो: कॅमेरा कमरेशी, लेन्स छताकडं, पडदा पूर्ण उलटा, आणि आपण वरून खाली पाहून चौकट जुळवतो. रिकोनं तेच करायचं तर अंदाजानं दोन-तीन फोटो काढावे लागतात. संरक्षित वास्तूंत ट्रायपॉडला वेगळी परवानगी लागते, तेव्हा हातावरचीच सवय ठेवा.

भगवा रंग, ऊन आणि पाणी

भगवे ध्वज, फेटे, झेंडूचे ढीग: आपल्या सणांतले हे रंग सेन्सरच्या लाल चॅनेलला आधी संपवतात. चित्र उजेडाला बरोबर दिसतं, पण ध्वजाच्या घड्या नाहीशा होतात आणि सपाट नारिंगी पट्टा उरतो. एक्स्पोजर −०.७ करा आणि फोटो पाहताना लाल-हिरवा-निळा वेगळा दाखवणारा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) उघडा. लालचा आलेख उजव्या कडेला आदळलेला नसावा. दोन्ही कॅमेऱ्यांवर एकच फेटा टिपून घड्या कुणाकडं उरल्या ते बघा. ही कसोटी कुठल्याही परीक्षणात सापडत नाही, आणि आपल्याला रोज लागते.

कडक उन्हात एफ १.८ वर फोटो काढायचा तर आयएसओ १२५ ला साधारण १/१०००० सेकंद शटर लागतं. कॅननचं यांत्रिक शटर १/२००० पर्यंतच जातं. म्हणून आतला एनडी (प्रकाश कमी करणारा) फिल्टर लावायचा, तो ३ स्टॉपचा आहे. रिकोत २ स्टॉपचा. हाच फिल्टर गोकाकच्या धबधब्याला कामी येतो. पावसाळी ढगाळ उजेडात फिल्टर लावून एफ ८ वर कॅननला सुमारे १/१० सेकंद मिळतं, रिकोला एफ ११ वर १/८. पाणी रेशमासारखं दिसायला एवढं पुरतं, फक्त कॅमेरा पक्क्या दगडावर टेकवलेला हवा. तिथं काम झालं की फिल्टर आठवणीनं बंद करा, नाहीतर घरी आल्यावर सगळे फोटो हललेले येतात आणि दोष कॅमेऱ्याला दिला जातो.

फ्लॅश, आवाज, बॅटरी

रिकोत फ्लॅश नाही, वर वेगळा फ्लॅश बसवायचा बूट (खाच) आहे. कॅननमध्ये छोटा फ्लॅश आहे, बूट नाही. अंगणात पाठीमागं ऊन आणि चेहऱ्यावर सावली असताना हा छोटा फ्लॅश फार उपयोगी पडतो. व्हिडिओ महत्त्वाचा असेल तर चर्चाच नको: कॅननला ४के आहे, माइकची ३.५ मिमी जागा आहे. रिको फुल एचडीवर थांबतो. पण कॅननचं ४के रेकॉर्डिंग दहा मिनिटांच्या आत एकदा थांबतं. भजन किंवा कीर्तन सलग घ्यायचं तर फुल एचडी निवडा, तिथं सुमारे अर्धा तास मिळतो.

बॅटरी दोघांचीही लहान. ठरलेल्या मोजमापानुसार कॅनन एका चार्जवर २३५ फोटो, रिको २००. लग्नाच्या दिवसाला दोन जादा बॅटऱ्या धरा: कॅननला एनबी-१३एल, रिकोला डीबी-११०. नकली बॅटरी वर्षभरात फुगते आणि खाचेत अडकते. ती उपसताना कप्पाच तुटतो. रिको साध्या सी-टाइप केबलनं पॉवर बँकवर चार्ज होतो. कॅननला यूएसबी-पीडी (पॉवर डिलिव्हरी) असलेला चार्जर आणि दोन्ही टोकांना सी असलेली केबल लागते. साध्या मोबाइल चार्जरवर तो गप्प बसतो आणि माणसं कॅमेरा बिघडला समजून दुरुस्तीला पळतात.

पावसाळा आणि लाल धूळ

दोघांपैकी एकही जलरोधक नाही, धूळरोधकही नाही. जूनपासून खानापूर, जांबोटी, चोर्ल्याकडचा पाऊस आणि मार्च-एप्रिलची लाल धूळ, दोन्ही कॅमेऱ्याचे शत्रू. रिकोचा मोठा सेन्सर आणि बाहेर येणारी लेन्स यांमुळं आत गेलेली धूळ फोटोत जास्त उठून दिसते, आणि लेन्स निघत नसल्यानं ती घरी पुसता येत नाही. खिशात नुसता टाकू नका, चेनच्या छोट्या पिशवीत ठेवा. खिशातली सुती लव लेन्सच्या झडपांत अडकते.

घरी हवाबंद डब्यात १०० ग्रॅम सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक ठेवा. आकडा ४० ते ५० टक्के असावा. ६५ च्या वर आठवडे राहिला की काचेवर बुरशी धरते. रंग बदलला की सिलिका वाळवावी लागते. नारिंगी घ्या, निळीत कोबाल्ट असतं. आणि ती कुठलीही असो, स्वयंपाकाच्या भांड्यात तापवू नका. एसी गाडीतून घाटात उतरताना कॅमेरा अर्धा तास बंद पिशवीतच राहू द्या, नाहीतर थंड काचेवर बाहेरची वाफ धरते.

जुना कॅमेरा घेताना

रिको जीआर ४ २०२५ मध्ये आल्यापासून जीआर ३ बहुतेक जुनाच मिळेल. पांढऱ्या भिंतीवर फोकस मुद्दाम बिघडवून एक फोटो काढा, रिकोला एफ १६, कॅननला एफ ११. संगणकावर कॉन्ट्रास्ट वाढवला की आतली धूळ राखाडी ठिपक्यांसारखी दिसते. एखादा ठिपका कडेला असेल तर चालेल, आकाशाच्या जागी पाच-सहा असतील तर सोडून द्या. नंतर कॅमेरा दहा वेळा सुरू-बंद करा, लेन्सच्या झडपा प्रत्येक वेळी पूर्ण उघडायला हव्यात. कानाशी धरून ऐका: करकर आवाज म्हणजे आत कण गेलेत. मागची चकती एकेक खूण फिरवा, आकडा उडी मारत असेल तर ती झिजलीय. कॅननचा पडदा वळवताना प्रतिमा लुकलुकली तर आतली पट्टी सैल आहे. शेवटी तळाचा सीरियल नंबर बिलावरच्या नंबराशी जुळवून पाहा, आणि तुमचंच कार्ड घालून विकणाऱ्यासमोर पन्नास फोटो काढूनच पैसे द्या.